शून्य बरोबर एक

घरातून निघताना कुलूप लावलं की आपण ते एकदा खाली ओढून बघतो. लागलंय हे ठाऊक असतं, तरी ओढतो. आमच्या विभागातल्या मागच्या खोलीत आम्ही रोज संध्याकाळी असंच एक कुलूप ओढत असू. यंत्रापुढे एकच प्रश्न टाकायचा: शून्य बरोबर एक, हे सिद्ध करून दाखव. यंत्र थोडा वेळ घुरघुरायचं, पंखा फिरवायचं आणि कंटाळून उत्तर द्यायचं, सापडलं नाही. मग दिवे बंद, खिडक्या बंद, घरी. ही पद्धत माझ्या सरांची. त्यांच्या हाताखाली मी पीएचडी करत होते, आणि इतकी वर्षं करत होते की विभागातल्या शिपायाला मी तिथे नोकरीलाच आहे असं वाटायचं.

त्या दिवशी मी स्कूटरची किल्ली हातात घेऊनच प्रश्न टाकला. आईने येताना कढीपत्ता आणायला सांगितलं होतं आणि माझं अर्धं लक्ष तिकडे होतं. यंत्र घुरघुरलं, पंखा फिरला आणि पडद्यावर आलं: सिद्ध झालं. खाली सिद्धता, पानंच्या पानं. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि प्रश्न पुन्हा टाकला. मला वाटलं, मीच काहीतरी भलतं टाकलं असेल. पुन्हा तेच. सर तोपर्यंत घरी गेले होते. मी खुर्चीत बसून राहिले आणि कढीपत्ता राहूनच गेला.

हे यंत्र काय करतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं माझं रडगाणं कुणाला कळायचं नाही. प्रोग्राम म्हणजे शेवटी एक लांबलचक राशी. शाळेत आपण कंस सोडवायचो, समान पदं एकत्र करायचो आणि पानभर पसारा एका ओळीत आणायचो. प्रोग्रामचंही तसं करता येतं. संथ चालणारा प्रोग्राम घ्यायचा, नियम लावत लावत त्याचं रूप बदलायचं आणि तेच उत्तर झटकन देणारा दुसरा काढायचा. हे जगात पुष्कळ लोक करतात. पण रूप बदलताना अर्थ बदलला नाही कशावरून? आमचं यंत्र नव्या प्रोग्रामबरोबर पावती द्यायचं. जुना आणि नवा एकच आहेत, ही बघा सिद्धता, आणि प्रत्येक पायरीला कुठला नियम लावला तेही बघा.

नियम कसे असावेत हे युनिव्हर्सल अल्जिब्रा सांगतं. त्या शास्त्राला वस्तूंशी देणंघेणं नाही. संख्या असोत, याद्या असोत, आणखी काही असो, ते फक्त त्यांच्यातले नियम बघतं. आणि आम्ही त्यातला सर्वांत कडक प्रकार धरला होता: नियम सरसकट सगळ्यांना लागू पाहिजे. ‘अमुक असेल तरच’, ‘तमुक सोडून’ असलं पण-परंतु चालत नाही. माणसांच्या जगात असा एकही नियम मला भेटलेला नाही. म्हणूनच बहुधा मी या विषयाच्या प्रेमात पडले.

माझ्या प्रबंधाचं सार एका वाक्यात सांगता येतं: आमच्या नियमांनी, जे जे खरं आहे ते ते सगळं सिद्ध करता येतं. हा चौथ्या प्रकरणातला सिद्धांत, आणि चौथं प्रकरण म्हणजेच प्रबंध. बाकीची प्रकरणं म्हणजे नमनाला घडाभर तेल.

आता शून्य आणि एक एकच ठरले तर काय होतं बघा. कुठलीही संख्या एकाने गुणली तर तीच राहते आणि शून्याने गुणली तर शून्य होते. एक आणि शून्य सारखे, म्हणजे ती संख्याही शून्य. कुठलीही घ्या. सगळं सगळ्याच्या बरोबर. मग यंत्र कुठल्याही प्रोग्रामला कुठल्याही प्रोग्रामच्या बरोबरीचा म्हणेल आणि वर पावतीही देईल. माझा सिद्धांत तेवढा अजूनही खरा होता. जे खरं ते सिद्ध करता येतच होतं. फक्त खोटंही तितकंच झकास करता येत होतं.

प्रबंध देण्याची मुदत महिनाअखेरीला संपत होती. मुदतवाढ मागून झाली होती, ती वाढवून झाली होती, आणि आता नियमात बसेल असं काही उरलं नव्हतं. तारीख चुकली की नोंदणी रद्द. मी पिरियापट्टणच्या एका खाजगी कॉलेजात वर्षाच्या करारावर गणित शिकवायची. रोज सकाळी बस, तंबाखूच्या हंगामात वाटभर भट्ट्यांचा वास, पोरं निम्मी झोपलेली. पण नोकरी माझी होती, आणि घरात मी आणि आई दोघीच. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं की जूनपासून डॉक्टरेट नसलेल्यांचा करार पुढे चालणार नाही. त्यांनी ते फार मायेने सांगितलं, चहा पाजून. मी म्हटलं, सर, झालंच आहे, छपाईला जाईल आता.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली आणि ती सिद्धता वाचायला बसले. यंत्राने लिहिलेली सिद्धता वाचणं म्हणजे एखाद्या अति प्रामाणिक माणसाकडून पत्ता विचारून घेणं. तो प्रत्येक खांब सांगतो, घर कुठलं ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही. दुपारपर्यंत मी पायऱ्या खोडत गेले, वळसे काढून टाकत गेले आणि शेवटी हातात जे उरलं ते चार ओळींत मावलं. शाळेतल्या मुलालाही कळेल असं होतं ते. त्याचा जास्त राग आला.

एक नियम माझा होता. संख्यांची यादी हवी तिथे तोडा, दोन्ही तुकड्यांतला सर्वांत मोठा आकडा काढा, त्या दोहोंतला मोठा तो सगळ्या यादीतला मोठा. यात चूक काहीच नाही. याच नियमाच्या जोरावर माझे प्रोग्राम जलद होत, कारण तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी मोजता येत. दुसरा नियम सरांचा, त्यांच्या तरुणपणापासूनच्या तक्त्यातला: रिकाम्या यादीचं उत्तर शून्य. काहीच नाही, म्हणजे शून्य. बेरजेला ते अगदी बरोबर आहे. सर्वांत मोठ्या आकड्यालाही त्यांनी तेच दिलं, आणि कुणालाही खटकलं नाही, कारण तोवर रिकाम्या यादीकडे कुणी फिरकतच नव्हतं.

आता यादी अशी घ्या जिच्यात एकच आकडा आहे, उणे एक. ती सुरुवातीलाच तोडा. डावा तुकडा रिकामा, त्याचं उत्तर शून्य. उजव्याचं उणे एक. दोहोंत मोठं शून्य. म्हणजे उणे एक बरोबर शून्य. दोन्हीकडे एक मिळवा. झालं.

माझ्या चौथ्या प्रकरणातलं उदाहरणच धरणाचं होतं. म्हैसूरच्या वर्तमानपत्रात कन्नंबाडी धरणाच्या पाण्याची पातळी रोज छापून येते, आणि उन्हाळ्यात अख्खं गाव ती पत्रिका बघावी तशी बघतं. आठवड्यात पाणी रोज किती चढलं याची यादी करायची आणि सर्वांत जास्त चढ काढायचा. उन्हाळ्यात सगळे आकडे उणे, पाणी उतरतच असतं. मी माझ्या जलद प्रोग्रामला तशी यादी दिली. एखादा तुकडा रिकामा पडला की तो म्हणे, सर्वांत जास्त चढ शून्य. म्हणजे एक दिवस तरी पाणी जसंच्या तसं राहिलं. धरण आटत चाललंय आणि आपण पावतीसकट सांगतोय की नाही.

दोन्ही नियम आपापल्या घरी सज्जन होते. एका छपराखाली आणले आणि संसार बुडाला. मग इतकी वर्षं कुलूप लागत कसं होतं? तर ते लागत नव्हतंच. यंत्र ठरावीक वेळ शोधतं आणि सोडून देतं. सिद्धता सापडली त्या दिवशीच दुपारी मी त्याला शिकवलं होतं की लहान याद्या आधी बघ, म्हणजे वेग वाढेल, शेवटच्या तक्त्यात आकडे चांगले दिसतील. सर्वांत लहान यादी रिकामी. ते नेमकं तिथेच गेलं. आम्ही इतकी वर्षं ‘सापडलं नाही’ हे ‘नाही’ असं वाचत आलो होतो.

सरांना सांगायला मी त्यांच्या घरी गेले. सर आमच्यासारखेच, पिढ्यान्पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या मराठी घरातले. विभागात आम्ही दोघंच मराठी, आणि ती मराठी घरचीच, भाजी-आमटीपुरती. गणित इंग्रजीत आणि भांडण कन्नडमध्ये. निवृत्तीला त्यांचं थोडंच उरलं होतं. त्यांनी माझ्या चार ओळी वाचल्या, चष्मा काढला, पुसला, परत वाचल्या. मग आत जाऊन स्वतः कॉफी करून आणली, जे ते कधी करत नसत.

“रिकाम्याला शून्य,” ते म्हणाले, “ते मीच घातलं होतं गं.”

मी म्हटलं, तोडायचा नियम माझा आहे, सर. त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघांनी कप संपवले. कॉफी मात्र अगदी बेचव होती.

पुढचे दिवस मी तो तक्ता दुरुस्त करण्यात काढले. दुरुस्ती सोपी वाटत होती. रिकाम्याचं उत्तर शून्य नको, सगळ्या संख्यांच्या खालची एक नवी संख्या घेऊ, उणे अनंत म्हणू. घेतली. उणे एक शून्याच्या बरोबर होईना, कुलूप लागलं. पण नवी आलेली ही पाहुणी वजाबाकी जुमानेना. कुठल्याही संख्येतून तीच वजा केली की शून्य, हा नियम तिला लागू पडत नाही, आणि आमच्याकडे नियम म्हणजे सगळ्यांना. मग तो नियम काढला. तो काढल्यावर त्याच्यावर उभे असलेले दुसरे निम्मे पडले. मग म्हटलं, अट घालू, यादी रिकामी नसेल तरच. पण अट आली की माझा सिद्धांत मेला, त्याचा सगळा डोलारा बिनअटी नियमांवर होता. एकीकडे झाकायला गेलं की दुसरीकडे उघडं पडत होतं. खरा उपाय मला दिसत होता. याद्यांच्या जाती वेगळ्या करायच्या, रिकाम्या आणि भरलेल्या, आणि सगळं बांधकाम पायापासून परत करायचं. तो दोन-तीन वर्षांचा होता आणि माझ्याकडे दोन-तीन आठवडेही धड नव्हते.

मी खात नव्हते. वर्गात फळ्यावर साधं समीकरण सोडवताना बरोबरचं चिन्ह काढलं की हात थांबायचा. पोरं आपापसात बघायची. एकदा परतीच्या बसमध्ये मी रडायला लागले आणि शेजारच्या बाईने न विचारता मला अर्धं संत्रं दिलं. मला तिचाही राग आला. कुणी मायेने वागलं की राग यायचा, कारण मग मला खरोखरच काहीतरी झालंय हे कबूल करावं लागायचं. देवाला मी मानत नाही, पण त्या दिवसांत मी ऑटोत बसल्याबसल्या चामुंडीच्या डोंगराकडे बघून, एक रस्ता दाखव, असं म्हटलेलं आहे.

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं, पण आया असल्या बाबतीत यंत्रापेक्षा वाईट, त्यांना पावतीही लागत नाही. एका संध्याकाळी कुवेंपुनगरच्या आमच्या स्वयंपाकघरात तिने गॅस बंद केला आणि माझ्यासमोर पाट ओढून बसली. तिला मी जमेल तसं सांगितलं. यंत्र म्हणतंय शून्य आणि एक सारखे, आणि म्हणून माझं सगळं केलेलं वाया गेलंय. तिने ऐकून घेतलं.

“मत्ते, मग तारीख चुकली तर?”

“तर नोकरी जाईल.”

तिने माझं ताट वाढलं. मग म्हणाली, “होगली बिड गं, जाऊ दे. स्वल्प सारभात खा आता.” मी खाल्ला. ती मात्र जेवली नाही, हे मला भांडी घासताना कळलं.

मुदतीच्या आदल्या आठवड्यात सरांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. त्यांनीही त्यांच्या परीने सगळं करून बघितलं होतं. म्हणाले, परीक्षक प्रबंध वाचतात, यंत्र चालवून बघत नाहीत. रिकाम्या यादीपर्यंत कुणी जाणार नाही, आपण दोघं इतकी वर्षं गेलो का? पदवी पदरात पडू दे, नोकरी वाचू दे, मग शांतपणे दुरुस्त करू आणि दुरुस्तीचा लेख छापू. असं होतं, पुष्कळांचं होतं. ते हे खिडकीकडे बघून बोलत होते. शेवटी वळले आणि म्हणाले, “सुम्ने, गुपचूप देऊन टाक गं.” आणि प्रबंधातल्या मार्गदर्शकाच्या प्रमाणपत्रावर सही केली.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. त्या दिवशी मी आईसाठी जाईचा गजरा घेतला. त्या आठवड्यात संध्याकाळचं कुलूप आम्ही दोघांनीही ओढलं नाही. वेळ झाली की दोघांपैकी कुणीतरी दुसरं काहीतरी काम काढायचं.

बांधणीला प्रती मी नजरबादला दिल्या होत्या, सरकारी कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत. मुदतीच्या दिवशी सकाळी आणायला गेले. काळं कापड, सोनेरी अक्षरं, अजून खळीचा वास येत होता. मी एक प्रत हातात घेऊन वजन बघत होते तेवढ्यात सरांची जुनी स्कूटर गल्लीत वळली. हेल्मेट न काढताच ते दुकानाच्या स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा रात्रभर झोप नसलेल्या माणसाचा होता.

“काल मी यंत्राला विचारलं,” ते म्हणाले. “तुझा जलद प्रोग्राम, आणि एक प्रोग्राम जो काहीच करत नाही, नुसतं शून्य देतो. हे दोन सारखे का? म्हणालं, सारखे. पावती दिली. मग मी कशावर सही केली गं?”

मी त्यांना म्हटलं, तुम्हीच म्हणालात दे. ते म्हणाले, म्हणालो. मी म्हटलं, माझी नोकरी जाईल, सर, माझ्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. ते म्हणाले, हौदु, खरंय. त्यांच्या त्या ‘हौदु’ची मला इतकी चीड आली की हातातली प्रत फेकावी असं वाटलं. तुमचं काय जातंय, असं मी बोलले. तुम्ही तर आता घरी बसाल, पेन्शन खाल, आणि ते शून्य तुमचं होतं. बांधणीवाला खाली मान घालून कापड कापत राहिला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

“सही तुझ्याकडे आहे,” ते म्हणाले. “मी परत मागणार नाही, कुणाला सांगणार नाही. जा, देऊन ये. फक्त आज संध्याकाळी कुलूप तू ओढ.”

मी प्रती माझ्या स्कूटरवर पायाशी ठेवल्या आणि विद्यापीठाच्या कचेरीत गेले. खिडकीपुढे रांग होती, शेवटच्या दिवशी असते तशी. कुणी फोटो विसरलेलं, कुणी चलन. मी रांगेत उभी राहिले आणि मग रांगेतून बाहेर येऊन भिंतीलगतच्या बाकावर बसले, म्हटलं गर्दी ओसरू दे. ओसरली. जेवणाची सुट्टी झाली, खिडकी उघडली, परत काही लोक आले आणि गेले. प्रती माझ्या मांडीवर होत्या आणि मांड्यांना मुंग्या आल्या होत्या. मी दर थोड्या वेळाने स्वतःला म्हणत होते, ऊठ. मी काही थोर निर्णय घेतला असं कुणी समजू नये. मी ठरवलंच नाही. मी न देण्याचं ठरवलं असतं तर घरी गेले असते. मी देण्याचं ठरवलं असतं तर दहा पावलांवर खिडकी होती. मी नुसती बसून राहिले, आणि खिडकीतल्या बाईंनी एकदा माझ्याकडे बघून हाताने विचारलं, काय? मी मान हलवली. त्यांनी पाच वाजता खिडकी लावली.

मागच्या खोलीत पोचले तेव्हा सर दिवा न लावता बसले होते. त्यांनी माझ्या हातातल्या प्रतींकडे बघितलं आणि उठून मला खुर्ची दिली. मी प्रश्न टाकला. यंत्राने या वेळी घुरघुरण्याचेही कष्ट घेतले नाहीत, वाट माहीत झाली होती. सिद्ध झालं. सरांनी डोळ्यांवर हात धरला आणि ते रडले. मी त्यांना गप्प करायला हवं होतं, पण माझ्यात तेवढीही ताकद नव्हती. आम्ही दिवे न लावताच निघालो.

जूनमध्ये माझा करार संपला. प्राचार्यांनी पुन्हा चहा पाजला. आता मी घरीच मुलांच्या शिकवण्या घेते, दहावी-बारावीच्या, आणि आईने शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय की हिला कॉलेज लांब पडत होतं. बांधलेल्या प्रती तिने टीव्हीच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यात. सोन्याच्या अक्षरांत लेकीचं नाव आहे म्हणून रद्दीत देऊ देत नाही. मी पुन्हा नोंदणी केली आहे, नव्या मार्गदर्शकांकडे, पहिल्या दिवसापासून. रिकाम्या यादीची जात वेगळी, भरलेलीची वेगळी. माझ्या वयाला आता दुसरे लोक निवृत्तीचा हिशेब करायला लागतात. कधीकधी दुपारी, शिकवणीची मुलं यायच्या आधी, मला एकदम वाटतं की हेही पडणार आहे, मला फक्त अजून दिसत नाही. आणि तसं वाटलं की उठून पाणी प्यायचं एवढंच मला सुचतं.

सर निवृत्त झाले. त्यांनी स्वतःचा जुना तक्ता चुकीचा असल्याचं चार ओळींचं टिपण छापलं, त्यात माझ्या नावाचे आभार आहेत. आमचं गल्लीतलं बोलणं पुन्हा कधी निघालं नाही. पण रोज संध्याकाळी विभागात आम्ही दिवे बंद करायचो त्या वेळेला त्यांचा फोन येतो. नवं यंत्र आता माझ्या घरच्या टेबलावर असतं. मी प्रश्न टाकते, ते घुरघुरतं, फोन कानाला असतो, आणि आम्ही दोघं वाट बघतो.

“काय म्हणालं गं?”

“सापडलं नाही, सर.”

पूर्वी यावर ते ‘झालं, चला घरी’ म्हणायचे. आता म्हणतात, “आय्तु, बरं, उद्या परत विचार.” मी हो म्हणते आणि फोन ठेवते.